वाऱ्याखालची माणसं

तुळसाला पहिल्यांदा घाण आली ती नातीच्या डोक्याची.

सानवी चार वर्षांची. खोबरेल तेल लावून, दोन शेंड्या घालून ती रोजच्यासारखी धावत आली आणि आजीच्या हनुवटीखाली डोकं खुपसून बसली. तुळसाच्या पोटातून एकदम काहीतरी वर आलं. जळकं रबर, त्यात तुंबलेलं गटार, आणि त्यावर कुणीतरी पाक ओतलाय, असला वास. तिनं पोरीला ढकललं. मुद्दाम नाही, चटका बसल्यावर हात मागे येतो ना, तसं. सानवी पायरीवर बसली. रडली नाही, नुसती बघत राहिली. दारात तिची आई, तुळसाची सून निशिगंधा, हातात कंगवा घेऊन उभी होती. तीही बघत राहिली.

"तेल खवट झालंय काय गो?" तुळसानं विचारलं.

"कालच तर आणलंय, आई."

तुळसानं उठून बाटली हुंगली आणि परसात जाऊन ओकली.

भाद्रपदात तिला ताप आला होता. आठ दिवसांत उतरला, पण जाताना नाक घेऊन गेला. दिवाळीपर्यंत तिला कसलाच वास येत नव्हता. घरात चकल्या तळल्या तरी ती कोरडी बसून होती. मग दिवाळी सरली आणि वास परत आले, पण सगळे कुजून आले. फोडणीचा कांदा म्हणजे मेलेला उंदीर. चहा म्हणजे भिजलेलं, आंबलेलं पायपुसणं. साबण, उदबत्ती, नवऱ्याचं तोंड, स्वतःची उशी. शहरातल्या डॉक्टरांनी नाकात उजेड पाडून बघितलं आणि सांगितलं, वासाच्या नसा दुखावल्यात, भरून येताना असं होतं. किती दिवस? सहा महिने, वर्ष. काहींचं राहतंही.

आता हे दुसऱ्या कुणाला झालं असतं तर गोष्ट वेगळी. तुळसा रत्नागिरीच्या मासळीबाजारात एकतीस वर्षं मासे साफ करून द्यायला बसत होती.

विकणाऱ्या बायका वेगळ्या, साफ करणाऱ्या वेगळ्या. गिऱ्हाईक मासा घेतं आणि शेजारी पाट आणि कोयता मांडून बसलेल्या बाईपुढे टाकतं. ती खवले काढते, पोट फाडते, तुकड्या करते. तुळसाच्या कोपरापर्यंत रक्त असायचं, पदराला खवले चिकटलेले असायचे, पायांखालून काळं पाणी वाहायचं. नाकाला रुमाल लावून उभ्या राहणाऱ्या बायकांकडे बघून ती हसायची. "पोटात गेल्यावर चालतो नाय, बाहेर असताना वास येतो?" तिला कशाचीच किळस नव्हती. उलट तिचं नाक ही बाजारातली चीज होती. कल्ला न उघडता ती सांगायची की मासा पहाटेचा आहे की परवाचा, बर्फात नीट राहिलाय की मध्येच बर्फ वितळून गेलाय. गिऱ्हाईकं मासा उचलून आधी तिच्यासमोर धरायची. "काकी, बघा जरा." ती "घ्या" म्हणायची किंवा "ऱ्हांदे", म्हणजे राहू दे, म्हणायची. तिसरा शब्द नाही.

तिच्या डाव्या हाताला सुरय्या बसायची. तिच्या घरच्या माणसांची बोट, त्यामुळे मासा घरचा. तुळसानं सुरय्याच्या माशालाही तीन-चार वेळा "ऱ्हांदे" म्हटलं होतं. सुरय्यानं तेव्हा शिव्या घातल्या होत्या आणि मुकाट्यानं मासा फळीखाली टाकला होता. म्हणूनच लोक सुरय्याकडे यायचे. शेजारणीचं नाक तिलाही सोडत नाही, हे सगळ्या बाजाराला माहीत होतं.

*

घरातल्या वासांना कंटाळून तुळसा दिवाळीनंतरच्या रविवारी कामावर गेली. तिला वाटलं होतं, तेलातुपापेक्षा मासा बरा. तो तरी आपला, माशाच्या बाबतीत नाक दगा देणार नाही.

बाजाराच्या तोंडाशीच तिला भोवळ आली. दात आवळून ती पाटावर बसली. सुरय्यानं तोंडभर हसून "आली माझी राणी" म्हणून तिच्या गळ्यात हात टाकला, तेव्हा तुळसानं श्वास रोखून धरला. तेवढ्यात नेहमीच्या सावंत मॅडम आल्या. हातभर लांबीची सुरमई उचलून त्यांनी तुळसाच्या नाकासमोर धरली.

"काकी, बघा जरा. आज पाहुणे आहेत."

तुळसाला उमासा आला. डोळ्यांतून पाणी आलं. "कुजलाय," ती म्हणाली. नुसतं "ऱ्हांदे" नाही. आजूबाजूच्या दहा माणसांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं. "घाण सुटलीय. फेका तो!"

"काय बोलतेस गो?" सुरय्या उभीच राहिली. "पहाटे उतरलाय. हा बघ कल्ला. लालभडक आहे. डोळे फुटले काय तुझे?"

"डोळे नाय फुटले. नाक आहे मला."

सावंत मॅडमनी सुरमई हळूच खाली ठेवली. मागच्या दोन बायका पुढच्या टोपलीकडे सरकल्या. तुळसा तोंडाला पदर लावून बाहेर पळाली आणि रिक्षात बसून घरी आली.

दुपारी सुरय्या तिच्या घरी आली. हातात डबा. तीच सुरमई, तिखट-मिठात तळून आणलेली. दारातूनच तिनं डबा उघडला आणि तुळसाच्या पुढ्यात आपटला.

"खा. कुजलाय ना? माझ्या पोरांनी खाल्लाय, मी खाल्लाय. आता तू खा. खा आणि सांग."

"सुरय्या, नको."

"खा म्हणते ना!"

तुळसानं तुकडा तोडला. ओठांपर्यंत नेला. आणि डब्यातच ओकली.

कोपऱ्यात काशीराम, तुळसाचा नवरा, एसटीतून निवृत्त झालेला मेकॅनिक, गुडघ्याला तेल चोळता चोळता थांबला. सुरय्यानं डब्याकडे बघितलं, मग मैत्रिणीच्या तोंडाकडे.

"मासा नाय कुजला," ती हळू आवाजात म्हणाली. "अल्ला. तुझं नाक कुजलंय गो, तुळसा."

तिनं डबा उचलला, विहिरीवर नेऊन धुतला आणि गेली. तुळसाला वाटलं, सुटले. सुरय्याला समजलं, विषय संपला. बाजारात जाऊन चारचौघांत "माझं नाक गेलं" म्हणण्याची गरज तिला वाटली नाही. खरं सांगायचं तर ते शब्द तिच्या तोंडून निघाले नसते. एकतीस वर्षांत तिला एवढीच एक इस्टेट जमली होती.

*

मग माणसं यायला लागली. चुलतजाऊ आली, नजर लागली म्हणाली. वाडीतली एक म्हातारी कापूर घेऊन आली आणि तो नाकात कोंबायला बघत होती. एक शेजारीण, जिनं वर्षानुवर्षं तुळसाच्या हातचे साफ केलेले बांगडे नेले, ती खुर्चीत बसून म्हणाली, "जन्मभर घाणीत हात घातलेस, आता घाण पाठ सोडत नाय बघ." तुळसाला तिच्या वासापेक्षा तिच्या बोलण्याची शिसारी आली. पण वासही होताच. प्रत्येक माणूस आपापला सडका वास घेऊन यायचा आणि जाताना खोलीत ठेवून जायचा.

घरच्यांनी आपापल्या परीनं करायला घेतलं. काशीरामनं तंबाखू सोडली. निशिगंधानं कांदा-लसूण घरातून घालवला. मुंबईला नोकरीवर असलेला तिचा नवरा दोन दिवसांसाठी आला, तर त्यालाही उकडलेलं खायला घातलं. सानवी एकदा अंगणात हाताच्या अंतरावर येऊन थांबली आणि म्हणाली, "आजी, इथवर चालेल?"

तुळसाला रडू यायला हवं होतं. तिला आला तो राग. ही सगळी आपल्यासाठी तोंडाला कुलूप लावून बसलीत, आणि तरी त्यांची घाण येतेच. काशीरामनं चाळीस वर्षांची सवय टाकली आणि त्याच्या तोंडाचा वास होता तसाच राहिला. आभार कशाचे मानायचे? कुणी आपल्यासाठी काही करावं आणि आपल्याला त्याचीही मळमळ व्हावी, याहून ओंगळ काय असेल, असं तिला वाटायचं. ती वाळत चालली. थंड भात आणि कोकमाचं पाणी, एवढ्यावर महिना गेला.

एका सोमवारी सकाळी सुरय्या आली आणि अंगणाबाहेरूनच ओरडली, "चल, सड्यावर."

सडा म्हणजे वाडीच्या डोक्यावरचा कातळ. मैलभर सपाट जांभा, पिवळं पडलेलं गवत, पश्चिमेला खाली समुद्राची एक पट्टी. सोमवारी निम्मी रत्नागिरी मासे खात नाही, बाजार पातळ असतो, म्हणून सुरय्या मोकळी असेल, असं तुळसानं धरलं. ती गेली. वर पोचली आणि दिवाळीनंतर पहिल्यांदा तिनं पुरता श्वास घेतला. काहीच नव्हतं त्यात. ना चांगलं, ना वाईट. नुसती हवा.

सुरय्या शेजारी बसली आणि तुळसाला उमासा आला.

"थांब," सुरय्या म्हणाली. उठून तिच्या दुसऱ्या बाजूला गेली. तिथंही तेच. मग तिनं गवताची काडी तोडून हवेत सोडली, कुठं जाते ते बघितलं आणि चार पावलं पश्चिमेला जाऊन, तुळसाकडे तोंड करून बसली.

"आता?"

"आता नाय येत."

"मतलई आहे. जमिनीवरून समुद्राकडे चाललाय. मी वाऱ्याखाली बसते म्हणजे माझी घाण दर्यात." आणि ती हसली. "दर्याला माझी सवय आहे."

त्या दिवशी तुळसानं तांदळाची अर्धी भाकरी खाल्ली. थंडगार, कोरडी. गिळताना कुणाशी भांडावं लागलं नाही.

पुढच्या सोमवारी काशीराम आला, गुडघ्याला पट्टा बांधून. त्याच्या पुढच्या खेपेला निशिगंधा आणि सानवी. सुरय्या दर वेळी एकच नवी वस्तू आणायची. आवळा. उकडलेलं रताळं. काकडी. तुळसानं खाल्ली तर "चला, एक पास", तुकडा थुंकला तर "नापास, कावळ्याला टाक." एकदा अंडं आणलं होतं, तेव्हा तुळसा पन्नास पावलं पळत गेली होती आणि काशीराम म्हणाला होता, "गुडघा माझा दुखतो आणि धावते ही."

दुपारी बाराच्या सुमारास वारा पडायचा आणि मग समुद्राकडून यायला लागायचा. पहिल्यांदा असं झालं तेव्हा तुळसा तोंड दाबून वाकली. सुरय्या ओरडली, "उठा, उठा! फिरला!" सगळे आपापली जेवणाची पानं हातात घेऊन उठले आणि तुळसाला वळसा घालून पूर्वेला जाऊन बसले. पुढंपुढं ओरडावं लागलं नाही. सानवीसुद्धा काडी सोडून बघायला शिकली. तुळसा मध्ये आणि तिची माणसं घड्याळाच्या काट्यासारखी तिच्याभोवती फिरत. बोलणं चालू असतानाच उठायचे, चार पावलं चालायचे, बसायचे आणि तेच बोलणं पुढं न्यायचे.

तुळसा हे बघत होती आणि तिला आवडत नव्हतं. हे एवढं आपल्यासाठी चाललंय याचं ओझं वाटत होतं. घरी उतरताना ती मुद्दाम पुढं चालायची. सुरय्या आठवड्यातून दोनदा यायला लागली, मग तीनदा. वरच्या हवेची तुळसाला चटक लागली होती. किती वेळा आणि का, ते तिनं मोजलं नाही.

*

पौषातली गोष्ट. सगळे सड्यावर बसले होते. निशिगंधा सानवीला घास भरवत होती.

"उद्या अंगणवाडी आहे हं," ती म्हणाली. "आज जेव पोटभर."

"आज का नाही?" सानवीनं विचारलं.

"आज रविवार ना, म्हणून."

तुळसाचा घास हातात राहिला. सूर्य डोक्यावर यायला आला होता, अकरा तरी वाजून गेले असतील. रविवारी अकरा वाजता मासळीबाजारात पाय ठेवायला जागा नसते. सुरय्याच्या टोपलीभोवती तर दोन रांगा असायच्या. आणि सुरय्या इथं, वाऱ्याखाली मांडी घालून बसलेली, रताळं सोलत होती.

"तू बाजारात नाय गेलीस?"

"बोट नाय गेली आज."

"काल गेली होती?"

"काय गो, पोलीस झालीस?" सुरय्यानं रताळं पुढं केलं. "हे खा आधी."

"तुझ्या हाताला बर्फाचे चट्टे नायत," तुळसा म्हणाली. "किती दिवस बसली नायस तू?"

सुरय्या रताळ्याची सालं गोळा करायला लागली. निशिगंधानं मान खाली घातली. तुळसानं एकेकाचं तोंड बघितलं. सगळ्यांना माहीत होतं.

"सुरय्यानं शपथ घातली होती," काशीराम म्हणाला. "पण आता विचारतेसच तर ऐक. कोण थांबत होतं तिच्याकडे? मी रोज तिकडून जायचो, बघायचो. लोक यायचे, माशाला बोट लावायचे आणि शेजारची मोकळी जागा बघायचे. म्हणायचे, ती काकी कुठं गेली? कुजलाय म्हणाली ती तेव्हापासून बसत नाय वाटतं. आणि पुढं जायचे. शेवटी बसणंच सोडलं तिनं. घरचा मासा आता दुसऱ्या बाईला देऊन विकावा लागतोय."

"भाऊ, पुरे," सुरय्या म्हणाली.

"दोन महिने?" तुळसानं विचारलं. "तू बोलली का नायस? नाक गेलंय माझं, सांगायचं लोकांना."

"तुझं नाक, मी कशाला सांगू?" सुरय्या एकदम कडक झाली. "तूच सांगायला हवं होतंस. वाट बघितली. मग म्हटलं, आधी जगू दे हिला, मग बघू."

तुळसा उठली. कोणाकडे न बघता सड्याच्या टोकापर्यंत चालत गेली. तिला किळस आली, आणि या खेपेला नाकाचा काही संबंध नव्हता. इतके सोमवार, इतके रविवार ही बाई आपलं नाव कुजत ठेवून आपल्यापुढं रताळी सोलत होती. आणि आपण तिच्या अंगाचा वास मोजत होतो. कुणाचे उपकार नकोत म्हणून पुढं पुढं चालत होतो. खवल्यासारखं स्वतःला खरवडून टाकावं असं तिला वाटलं. मागं बघितलं तेव्हा वारा फिरलेला होता. ती तिथं नसतानाही ती चौघं उठून पूर्वेच्या अंगाला जाऊन बसली होती, ती परत आली तर तिला त्रास नको म्हणून.

*

सोमवारी, मंगळवारी बाजार रिकामा. ती थांबली. बुधवारी सकाळी तिनं पाट काखेत मारला, कोयता पिशवीत घातला. "एकटी जाऊ नका, मी येते," निशिगंधा म्हणाली. तुळसानं ऐकलं नाही.

तोंडानं श्वास घेत ती आत शिरली. तरीही वास आला. तो तोंडातून, डोळ्यांतून, कातडीतून आल्यासारखा आला. सुरय्या अर्धी टोपली पुढ्यात घेऊन बसली होती, कितीतरी दिवसांनी पहिल्यांदाच; आता तुळसापासून लपवायचं काही उरलं नव्हतं. उजवीकडच्या मोकळ्या जागेवर तिनं आपलं रिकामं टोपलं पालथं घातलं होतं. तुळसानं ते उचलून बाजूला केलं, पाट मांडला आणि बसली.

"मरायला आलीस?" सुरय्यानं दात-ओठ खाऊन विचारलं.

"बोलू नको माझ्याशी. तोंड उघडलं तर ओकेन."

तासभर कुणी आलं नाही. मग सावंत मॅडम दिसल्या. त्या पलीकडच्या टोपलीकडे चालल्या होत्या, तुळसाला बघून वळल्या.

"अहो काकी! आलात! तुम्ही नव्हता तर पंचाईत झाली होती आमची." त्यांनी सुरय्याच्या टोपलीतून एक सुरमई उचलली, जरा साशंकपणे, आणि तुळसासमोर धरली. "बघा जरा."

तुळसा उभी राहिली. एकतीस वर्षांत ती पाटावरून उठून गिऱ्हाईकाशी बोलली नव्हती.

"मला विचारू नका," ती म्हणाली. आवाज हवा होता तेवढा निघाला. शेजारच्या कोयत्यांचा आवाज थांबला. "माझं नाक गेलं, मॅडम. तापात गेलं. मला सगळंच कुजकं येतं. हा मासा, तुमचा पदर, माझ्या नातीचं डोकं. त्या दिवशी मी कुजलाय म्हणाले तो मासा ताजा होता. पहाटेचा होता. हिची काही चूक नव्हती. कुजलेली मी होते."

"अगं बाई," सावंत मॅडम म्हणाल्या. सुरमई हातातच होती. "मग आता माशाचं कोण सांगणार?"

"ही सांगेल."

"विकणारी बाई कधी सांगते का, कुजलाय म्हणून?"

कुणीतरी हसलं. सुरय्याचा चेहरा आवळला. तुळसानं सुरमई मॅडमच्या हातातून घेतली, अंगठा घालून कल्ला उघडला आणि वर धरला. डोळे भरून वाहायला लागले, ओठ वाकडे झाले.

"लाल आहे. बघा. डोळा फुगीर आहे. बोटानं दाबा, खड्डा राहतो का बघा. नाय राहत. घ्या."

"हो, पण काकी, तुमचं तोंड बघून..."

"माझ्या तोंडाकडे बघू नका!" तुळसा ओरडली. "कल्ल्याकडे बघा!"

सावंत मॅडमनी खरंच वाकून कल्ल्याकडे बघितलं. बोटानं दाबूनही बघितलं. मग त्या म्हणाल्या, "सुरमई नको आज. चार बांगडे द्या."

बांगडेही त्यांनी एकेक करून तपासले. पण घेतले. मागं उभ्या असलेल्या एका बाईनं न विचारता कोळंबीत हात घातला.

तुळसानं पहिला बांगडा पाटावर घेतला. पोट फाडलं आणि मान वळवून बाजूला थुंकली. दुसरा घेतला. पुन्हा थुंकली. हात मात्र चालत होते, जुन्या सवयीनं, कुणाला काही न विचारता.

"आभार मानायला आलीस काय गो?" गिऱ्हाईकं सरल्यावर सुरय्यानं तिच्याकडे न बघता विचारलं.

"तुझे कसले आभार? घाण येते तुझ्या अंगाला."

"येऊ दे," सुरय्या म्हणाली, आणि रस्त्याकडे तोंड करून पुढच्या माणसाला मोठ्यानं हाक मारली.